वनस्पतींचा बचाव आणि वनस्पती खाण्याची नीती

वनस्पतीला शत्रूपासून पळून जाता येत नाही. त्यामुळे बचावाचे सगळे उपाय तिला जागेवरच उभे करावे लागतात. जमिनीवर वनस्पती आल्या त्याला सुमारे ४७ कोटी वर्षे झाली. तेव्हापासून बुरशी, जिवाणू, कीटक आणि चरणारे प्राणी त्यांच्यावर जगत आले आहेत. आज ज्ञात असलेल्या कीटकांच्या जातींपैकी जवळपास निम्म्या जाती वनस्पतींवर पोसतात. तरीही जमीन हिरवी राहिली आहे. पृथ्वीवरील एकूण जैवभाराचा कार्बनमध्ये हिशोब केला, तर त्यातला ८० टक्क्यांहून अधिक भाग वनस्पतींचाच भरतो. वनस्पती निमूटपणे खाल्ल्या जात नाहीत, त्या प्रतिकार करतात, हे या टिकून राहण्यामागचे एक मोठे कारण आहे.

या प्रतिकारातून नीतीचा एक प्रश्न उभा राहतो. खाल्ले जाऊ नये म्हणून जो जीव एवढी व्यवस्था उभी करतो, त्याला खाणे ही हिंसा आहे का? असेल तर प्राण्याला मारून खाणे आणि मेथीची जुडी निवडून शिजवणे यांत फरक कोणता? भारतात हा प्रश्न हजारो वर्षे विचारला गेला आहे. गेल्या अर्धशतकातील प्रयोगांनी त्याला नवी धार आली. कोणी त्याचा आधार घेऊन वनस्पतींविषयी कणव बाळगण्याचे आवाहन करतो, तर कोणी शाकाहारी माणसाला गप्प करण्यासाठी ‘भाजीतही जीव असतोच’ असे सुनावतो. दोन्ही बाजू तपासायच्या, तर वनस्पती काय करतात हे आधी पाहावे लागते. त्यातून नीतीचे कोणते निष्कर्ष निघतात आणि कोणते निघत नाहीत, हा त्यापुढचा विचार.

शरीराची तटबंदी

बचावाची पहिली फळी शरीररचनेची. बाभळीचे आणि बोरीचे काटे गुरांना फांदीपासून दूर ठेवतात. भाताच्या आणि इतर गवतांच्या पात्यांत सिलिका साठलेली असते. तिने किड्यांच्या जबड्यांची झीज होते आणि चारा पचायला जड जातो. खाजकुइलीच्या शेंगेवरची लव कातडीत मोडून राहते आणि तिच्यातील प्रथिनामुळे असह्य खाज सुटते. अळू आणि सुरण यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्चे खाल्ले की ते घशात टोचतात. अळूच्या भाजीत चिंच आणि सुरणाच्या भाजीत आमसूल घालून ती नीट शिजवण्याची रीत या खाजेवरचाच उपाय आहे.

रसायनांचा साठा

शरीररचनेपेक्षा कितीतरी मोठा पसारा रसायनांचा आहे. वनस्पतींनी तयार केलेली दोन लाखांहून अधिक संयुगे असावीत असा अंदाज आहे. वाढीसाठी किंवा श्वसनासाठी त्यांपैकी बहुतेकांची थेट गरज नसते. त्यामुळे फार काळ त्यांना चयापचयातील टाकाऊ पदार्थ समजले जाई. १९५९ साली गॉटफ्रीड फ्रेंकेल यांनी ही संयुगे मुख्यतः कीटकांपासून बचावासाठी असतात, असे मांडले. १९६४ साली पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी फुलपाखरे आणि त्यांच्या खाद्यवनस्पती यांचा अभ्यास करून पुढचे पाऊल टाकले. वनस्पती नवे विष घडवते, एखादा कीटक ते पचवायला शिकतो, मग वनस्पती आणखी पुढे जाते, अशी सहउत्क्रांतीची साखळी त्यांनी दाखवली. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. तरीही प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर वाढतात आणि रुईचे विष स्वतःच्या अंगात साठवून पक्ष्यांपासून वाचतात.

विष जवळ बाळगणे वनस्पतीलाही धोक्याचे असते. म्हणून अनेक वनस्पती ते दोन भागांत वेगळे ठेवतात. एका कप्प्यात निरुपद्रवी द्रव्य, दुसऱ्यात त्याचे विघटन करणारे एन्झाइम. पान चावले गेले की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि विष तयार होते. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य असते. ते फुटून हायड्रोजन सायनाइड सुटते. पावसाने ताण दिलेल्या ज्वारीचे पोंगे खाऊन जनावरे दगावतात, त्याला शेतकरी किराळ लागणे म्हणतात. ज्या कंदापासून साबुदाणा होतो, त्या टॅपिओकातही याच जातीचे द्रव्य असते आणि म्हणून त्यावर प्रक्रिया करावी लागते. मोहरी फेसली की झणका उठतो. कांदा चिरला की डोळ्यांत पाणी येते. लसूण ठेचला की उग्र वास सुटतो. तिन्हींमागे हीच दोन कप्प्यांची योजना आहे. कांद्याच्या बाबतीत अश्रू आणणारे द्रव्य घडवणारे स्वतंत्र एन्झाइम जपानी संशोधकांनी २००२ साली शोधून काढले.

मिरचीची कथा आणखी बोलकी आहे. तिच्यातील कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या उष्णता जाणवणाऱ्या चेतातंतूंवरील ग्राहकाला चिकटते. हा ग्राहक १९९७ साली डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने ओळखला आणि या क्षेत्रातील कामासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पक्ष्यांना हा तिखटपणा जाणवत नाही. जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नभान यांनी २००१ साली रानमिरचीवरील अभ्यास प्रसिद्ध केला. पक्ष्यांच्या पोटातून गेलेले मिरचीचे बी रुजत होते, तर अभ्यासातल्या सस्तन प्राण्यांच्या पोटातून गेलेले बी निकामी होत होते. थोडक्यात, मिरची सगळ्यांनाच हाकलत नाही. बी पसरवणाऱ्याला ती जवळ करते आणि बी चिरडणाऱ्याला दूर ठेवते.

हल्ल्याची दखल

सगळा बचाव कायम सज्ज ठेवणे महागात पडते. त्यावर खर्च होणारा कार्बन आणि नायट्रोजन वाढीसाठी उरत नाही. त्यामुळे अनेक वनस्पती हल्ला झाल्यावरच बचाव वाढवतात. १९७२ साली टी. आर. ग्रीन आणि क्लॅरन्स रायन यांनी दाखवले की, टोमॅटो किंवा बटाट्याचे एक पान किडीने कुरतडले की न कुरतडलेल्या पानांतही प्रथिनांचे पचन रोखणारी द्रव्ये साठू लागतात. अशी पाने खाणाऱ्या अळीला अन्न नीट पचत नाही. एका पानावरची जखम साऱ्या झाडाला कळते, याचा तो स्पष्ट पुरावा होता.

हा निरोप कसा जातो, याची उकल पुढे टप्प्याटप्प्याने झाली. झाडात निरोप पोचवणाऱ्या जास्मोनिक आम्लाचे आणि त्याच्या संयुगांचे कार्य समजले. २०१८ साली मासात्सुगु तोयोता, सायमन गिलरॉय आणि सहकाऱ्यांनी हा निरोप प्रत्यक्ष दिसेल असा प्रयोग केला. अॅरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपाचे पान अळीने कुरतडताच जखमेतून ग्लुटामेट बाहेर पडले आणि कॅल्शियमची लाट सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर वेगाने इतर पानांकडे गेली. ग्लुटामेट हे प्राण्यांच्या मज्जासंस्थेतही निरोप पोचवते. मात्र ग्लुटामेट हे अमिनो आम्ल जीवसृष्टीत सर्वत्र आढळते. तेव्हा रसायन एकच असल्याने अनुभवही एकच असतो, असे म्हणता येत नाही.

वनस्पती हल्लेखोर ओळखतातही. मक्याचे पान कात्रीने कापले आणि अळीने कुरतडले तर दोन्हींना मिळणारा प्रतिसाद वेगळा असतो, कारण अळीच्या तोंडातील स्रावातली द्रव्ये मका ओळखतो. मिसूरी विद्यापीठात हायडी अॅपल आणि रेक्स कॉक्रॉफ्ट यांनी २०१४ साली केलेल्या प्रयोगात अळीच्या चावण्याची नुसती कंपने रोपांना ऐकवली गेली. पुढे खरा हल्ला झाला तेव्हा त्या रोपांनी बचावाची द्रव्ये अधिक तयार केली. वाऱ्याच्या कंपनांना मात्र त्यांनी असा प्रतिसाद दिला नाही. बुरशी किंवा जिवाणू शिरल्यावर अनेक वनस्पती संसर्गाभोवतीच्या स्वतःच्याच पेशी मारून टाकतात, म्हणजे रोग पुढे सरकत नाही.

शेजारी आणि सोबती

जखमी पानांतून हवेत उडणारी द्रव्ये सुटतात. ताज्या कापलेल्या गवताचा वास हा त्यांचाच. १९८३ साली डेव्हिड ऱ्होड्स यांनी, तसेच इयान बाल्डविन आणि जॅक शुल्ट्झ यांनी स्वतंत्रपणे असे मांडले की, जखमी झाडांच्या आसपासची धडधाकट झाडेही बचाव वाढवतात. ‘बोलणारी झाडे’ म्हणून हे संशोधन गाजले आणि प्रयोगांच्या मांडणीवर कडक टीकाही झाली. पुढे रिचर्ड कार्बन यांनी कॅलिफोर्नियातील सेजब्रश या झुडपावर वर्षानुवर्षे काम केले. त्यातून आणि इतरांच्या प्रयोगांतून मूळ निरीक्षणाला बळ मिळाले. मात्र झाड शेजाऱ्याला सावध करण्यासाठी निरोप पाठवते, असे त्यातून सिद्ध होत नाही. ही द्रव्ये मुळात त्याच झाडाच्या दूरच्या फांद्यांसाठी असावीत आणि शेजारी ती टिपत असावेत, हा अर्थ अधिक सावध आहे.

हीच द्रव्ये किडीच्या शत्रूलाही बोलावतात. टेड टर्लिंग्स आणि सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवले की, अळीने खाल्लेल्या मक्यातून सुटणारा वास परजीवी गांधीलमाशीला तिथे आणतो आणि ती त्या अळीच्या अंगात अंडी घालते. मेक्सिकोतील काही अकेशिया झाडे तर पोकळ काट्यांत मुंग्यांना घर आणि पानांवर खाऊ देतात. त्या बदल्यात मुंग्या झाडाची राखण करतात. डॅनियल जॅन्झन यांनी १९६६ साली मुंग्या काढून घेतल्यावर ही झाडे कशी खचतात ते दाखवले.

माणसाने हा बचाव कसा मोडला

शेतीचा इतिहास हा बऱ्याच अंशी वनस्पतींची शस्त्रे काढून घेण्याचा इतिहास आहे. रानबदाम कडू आणि विषारी असतो. गोड बदाम एका जनुकातील लहानशा बदलातून आला, हे २०१९ साली स्पष्ट झाले. काकडी आणि दुधी यांच्या कुळातील कडूपणा पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने कमी झाला, पण तो पुरता गेलेला नाही. कडू दुधीचा रस पिऊन विषबाधा झाल्याच्या घटनांनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने चवीला कडू लागणारा रस पिऊ नये असा इशारा दिला. हिरव्या पडलेल्या बटाट्यातील सोलॅनिन हाही मूळच्या बचावाचाच अवशेष.

जे वाण निवडून जमले नाही, ते स्वयंपाकघराने केले. भिजवणे, मोड आणणे, सोलणे, आंबवणे, उकळून पाणी टाकणे, भाजणे यांमुळे बियांतील पचनरोधक द्रव्ये आणि विषे कमी होतात. राजमा भिजवून खळखळ उकळल्याशिवाय खाण्याजोगा होत नाही. विदर्भात पिकणारी लाखोळी कमी पाण्यावर तगते, पण दुष्काळात तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली गेली तर तिच्यातील चेताविषामुळे पाय लुळे पडतात. त्यामुळे १९६१ नंतर अनेक राज्यांत तिच्या विक्रीवर बंदी आली.

माणसाने काही शस्त्रे मात्र मुद्दाम जपली. मिरीचा तिखटपणा, हिंगाचा उग्र दर्प, लवंगेतील युजेनॉल, चहा-कॉफीतील कॅफिन ही सगळी बचावाची रसायने. मिरची पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात भारतात आली आणि गोव्यापासून कोल्हापूरपर्यंतच्या जेवणाचा ती कणा झाली. माणसाने मिरचीला जगभर पसरवले ते तिच्या या बचावाच्या अस्त्रापायीच.

प्रतिसाद आणि वेदना

इथवरच्या माहितीतून एक गोष्ट निर्विवाद ठरते. वनस्पतीला जखम कळते, तिची ती नोंद घेते आणि तिच्यावर उपाय करते. प्रश्न हा की, तिला ते दुखते का?

या प्रश्नाचा आधुनिक इतिहास जगदीशचंद्र बोस यांच्यापासून सुरू होतो. बोस यांनी १९०१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वनस्पतींच्या विद्युत-प्रतिसादांचे प्रयोग दाखवले. वाढीतील अत्यंत सूक्ष्म बदल मोजणारा क्रेस्कोग्राफ त्यांनी बनवला आणि वनस्पतींतही चेतासंस्थेसारखी यंत्रणा आहे असे मांडले. वनस्पतींत विद्युत-संकेत वाहतात, ही त्यांची बाजू काळाच्या कसोटीवर उतरली. जॉन बर्डन-सँडरसन यांनी १८७३ सालीच व्हीनस फ्लायट्रॅपमध्ये असे संकेत नोंदवले होते. पण विद्युत-संकेतांचे अस्तित्व आणि जाणिवेचे अस्तित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यांची गल्लत झाली की काय होते, हे १९६६ सालच्या एका घटनेतून दिसले. अमेरिकेतील पॉलिग्राफ-तज्ज्ञ क्लीव्ह बॅक्स्टर यांनी कुंडीतील झाडाला यंत्र जोडून, माणसाच्या मनातला हेतू झाडाला कळतो असा दावा केला. १९७३ साली ‘द सीक्रेट लाइफ ऑफ प्लान्ट्स’ या पुस्तकाने तो घरोघरी पोचवला. नियंत्रित प्रयोगांत तो टिकला नाही. तरी त्याची छाया पुढे बरीच वर्षे राहिली. वनस्पतींच्या वर्तनावर गंभीर काम करणाऱ्यांना त्याचा त्रासच झाला.

२००६ साली काही संशोधकांनी ‘वनस्पती-चेताविज्ञान’ या नावाने नवे क्षेत्र मांडले. पुढच्याच वर्षी ३६ वनस्पतिशास्त्रज्ञांनी एकत्र पत्र लिहून या नावाला हरकत घेतली. चेतापेशी, चेतासंधी आणि मेंदू नसलेल्या जीवाला हे शब्द लावल्याने समज वाढत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. २०१९ साली लिंकन टाइझ आणि सहकाऱ्यांनी वनस्पतींना जाणीव नाही आणि तिची त्यांना गरजही नाही, अशी भूमिका सविस्तर मांडली. दुसऱ्या बाजूला मोनिका गॅग्लियानो यांनी २०१४ साली लाजाळूवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पुन्हापुन्हा खाली पडूनही इजा होत नाही असे ‘कळल्यावर’ लाजाळू पाने मिटणे थांबवते आणि हा सराव काही आठवडे टिकतो, असा त्याचा निष्कर्ष. त्याचा अर्थ काय लावायचा यावर मतभेद आहेत.

२०२३ साली तेल अवीव विद्यापीठातील लिलाक हदानी यांच्या गटाने तहानलेली किंवा खोड कापलेली टोमॅटोची आणि तंबाखूची झाडे तासाला सुमारे ३० ते ५० अतिध्वनी टिकटिक करतात, असे नोंदवले. ‘झाडे किंचाळतात’ असे मथळे त्यावर आले. हे ध्वनी बहुधा पाणी वाहणाऱ्या नलिकांत हवेचे बुडबुडे होऊन फुटल्याने येतात. नलिकेतील बुडबुडा फुटणे म्हणजे किंकाळी नव्हे.

वेदना नाकारण्यामागे तीन आधार दिले जातात. पहिला, वेदनेचा अनुभव घडवणारी एकसंध, केंद्रीय यंत्रणा वनस्पतीत सापडलेली नाही. दुसरा, वेदनेचा उपयोग प्राण्याला धोक्यापासून दूर नेण्यात आणि पुढे तो धोका टाळायला शिकवण्यात आहे. जागचे न हलणाऱ्या जीवात इतकी खर्चिक यंत्रणा टिकून राहण्याचे कारण दिसत नाही. तिसरा आधार शरीराच्या घडणीचा. प्राणी एकसंध असतो. वनस्पती पुन्हापुन्हा येणाऱ्या सारख्या भागांची बनलेली असते. हरळी चरली गेली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. ऊस तोडल्यावर खोडवा येतो. पान गमावणे वनस्पतीसाठी नुकसान असते, पण प्राण्याने पाय गमावण्यासारखे नसते. यांपैकी कोणताही आधार एकटा निर्णायक नाही, पण तिन्हींचे वजन एकाच बाजूला पडते. प्राण्यांच्या जाणिवेविषयीच्या २०२४ सालच्या न्यू यॉर्क जाहीरनाम्याने पृष्ठवंशी प्राण्यांबरोबर ऑक्टोपस, खेकडे आणि कीटक यांच्यातही जाणिवेची वास्तव शक्यता मान्य केली. वनस्पतींचा समावेश त्यात नाही.

परंपरांनी दिलेली उत्तरे

भारतीय परंपरांनी वनस्पतींना निर्जीव कधीच मानले नाही. मनुस्मृतीत वनस्पतींना आतून जाणीव आणि सुखदुःख असते असे म्हटले आहे. महाभारताच्या शांतिपर्वातील भृगू-भरद्वाज संवादात झाडांना स्पर्श, श्रवण, दृष्टी असते याबद्दल युक्तिवाद येतात. वनपर्वातील मिथिलेचा धर्मव्याध तर नांगरटीत असंख्य जीव मरतात आणि धान्याचे दाणेही सजीवच असतात, याकडे लक्ष वेधतो. पूर्ण अहिंसा कोणालाच साधत नाही, प्रयत्नाने ती कमी मात्र करता येते, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे.

या प्रश्नाची सर्वांत बारकाईची व्यवस्था जैन विचाराने केली. आचारांग सूत्रात वनस्पती आणि माणूस यांच्यातील साम्ये सांगितली आहेत. दोघेही जन्मतात, वाढतात, कापले की कोमेजतात. जैन तत्त्वज्ञानात वनस्पती एकेंद्रिय, म्हणजे केवळ स्पर्शाची जाणीव असलेला जीव. इंद्रियांची संख्या वाढते तशी हिंसेची तीव्रता वाढते, म्हणून प्राण्याची हत्या पूर्ण वर्ज्य आणि वनस्पतीची हानी शक्य तितकी कमी, असा क्रम लागतो. बटाटा, कांदा, लसूण, मुळा अशा कंदमुळांना अनंतकाय, म्हणजे एका देहात असंख्य जीव असलेली, मानून ती टाळली जातात. अनेक श्रावक पर्वतिथींना हिरव्या भाज्याही घेत नाहीत. साधू-साध्वी स्वतः काही तोडत नाहीत, शिजवत नाहीत.

बौद्ध विनयातही भिक्षूने झाडे-रोपे तोडणे दोषास्पद ठरवले आहे. वनस्पतींना जाणीव असते की नाही, यावर प्राचीन बौद्ध ग्रंथांची भूमिका डळमळीत कशी राहिली, याचा अभ्यास लॅम्बर्ट श्मिटहाउझेन यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावू नये ही शिकवण आणि देवराईतली फांदीही न तोडण्याचा दंडक, दोन्हींत झाडाकडे नुसती वस्तू म्हणून न पाहण्याची दृष्टी आहे.

पश्चिमेत अॅरिस्टॉटलने वनस्पतींना पोषणाचा आत्मा दिला, संवेदनेचा दिला नाही. तिसऱ्या शतकात पॉर्फिरीने मांसाहाराविरुद्ध लिहिताना वनस्पतींचा आक्षेप विचारात घेतला. वनस्पतींना संवेदना नाही आणि फळ घेतल्याने झाडाचा नाश होत नाही, हे त्याचे उत्तर होते. फळ तोडणे हीही हिंसा मानून मानी पंथातील श्रेष्ठ साधक स्वतः फळेही तोडत नसत. नऊ वर्षे त्या पंथात राहिलेल्या ऑगस्टीनने नंतर या समजुतीवर टीका केली.

आधुनिक नीतिचर्चा

पीटर सिंगर यांनी १९७५ साली दुःख भोगण्याची क्षमता हा नैतिक विचाराचा निकष मानला. त्या निकषावर वनस्पती बाहेर पडतात. केनेथ गुडपास्टर यांनी १९७८ साली यावर प्रश्न विचारला. दुःख जाणवणे हे जीव टिकवण्याचे एक साधन आहे, मग नैतिक विचारात यायला दुःखाऐवजी जीवन हाच निकष का नसावा? पॉल टेलर यांनी १९८६ साली हीच दिशा पुढे नेली. प्रत्येक सजीव स्वतःच्या हिताकडे वाटचाल करणारे केंद्र आहे, म्हणून त्याला आदर देणे माणसाचे कर्तव्य आहे, असे त्यांनी मांडले. मॅथ्यू हॉल आणि मायकेल मार्डर यांनी गेल्या दीड दशकात वनस्पतींना तत्त्वज्ञानात स्थान देण्याचा प्रयत्न केला.

कायद्याच्या पातळीवर स्वित्झर्लंडचे उदाहरण महत्त्वाचे आहे. तेथील राज्यघटनेत १९९२ साली सजीवांच्या प्रतिष्ठेचे तत्त्व आले. २००८ साली तेथील संघीय नीतिसमितीने वनस्पतींबाबत त्याचा अर्थ लावला. वनस्पतींची विनाकारण हानी करणे नैतिकदृष्ट्या अयोग्य, असे समितीचे एकमत झाले. रस्त्याकडेची रानफुले उगाच खुडणे हे त्याचे उदाहरण. अन्नासाठी त्यांचा वापर करण्याला समितीने आक्षेप घेतला नाही.

वनस्पतींचा बचाव या चर्चेत कुठे बसतो? बचावातून एवढे दिसते की वनस्पतीचे हित असते. तिच्यासाठी काही गोष्टी चांगल्या आणि काही वाईट असतात, आणि ती त्यानुसार वागते. पण हित असणे आणि ते जाणवणे एक नव्हे. ज्याला हित आहे पण दुःख नाही, त्याचा विचार करावा लागतो. मात्र ज्याला दुःख होते त्याच्या बरोबरीने तो करावा लागत नाही. जैनांची इंद्रियांची चढती श्रेणी आणि आजच्या तत्त्वज्ञांची भूमिका वेगळ्या वाटांनी याच ठिकाणी येतात.

मांसाहाराच्या समर्थनाचा युक्तिवाद

‘वनस्पतीही सजीव, मग मांस का नको’ हा युक्तिवाद तर्कात टिकत नाही. वनस्पतींना वेदना होते असे क्षणभर गृहीत धरले, तरी मांसाहाराने वनस्पतींची हानी वाढते, कारण ज्यांना खायचे ते प्राणी आधी वनस्पती खातात. एमिली कॅसिडी आणि सहकाऱ्यांच्या २०१३ सालच्या अभ्यासानुसार जगातील पिकांतून मिळणाऱ्या उष्मांकांपैकी ३६ टक्के जनावरांच्या खाद्यात जातात आणि त्यांतले केवळ १२ टक्के मांस, दूध, अंडी यांच्या रूपाने माणसाकडे परत येतात. जोसेफ पूर आणि टॉमस नेमेचेक यांनी २०१८ साली काढलेल्या अंदाजानुसार सगळ्या जगाने प्राणिजन्य अन्न सोडले, तर शेतीखालची जमीन सुमारे तीन-चतुर्थांशाने घटेल.

या हिशोबाला मर्यादा आहेत. कडबा, भुस्सा आणि पेंड खाणारी जनावरे, किंवा जिथे पीक येत नाही अशा माळावर चरणारी शेळ्या-मेंढरे माणसाच्या ताटातून धान्य काढून घेत नाहीत. धनगराच्या कळपाला आणि मक्या-सोयाबीनवर वाढलेल्या कोंबड्यांच्या शेडला एकच मोजमाप लावता येत नाही. शेतीतही नांगरट, कापणी आणि कीटकनाशके यांनी प्राणी मरतात. २००३ साली स्टीव्हन डेव्हिस यांनी हा मुद्दा काढून गवतावर पोसलेल्या गुरांचे मांस कमी हिंसेचे ठरवले. गॅव्हरिक मॅथनी यांनी त्याच वर्षी उत्तर दिले. डेव्हिस यांनी हिशोब एकरावर केला होता. तो माणसाला मिळणाऱ्या प्रथिनांवर केला, तर निकाल उलटतो.

वनस्पतींमधला तरतमभाव

वनस्पतीचा प्रत्येक भाग खाणे तिच्या दृष्टीने सारखे नसते. पिकलेले फळ खाल्ले जावे म्हणूनच रंगते आणि गोड होते. कच्चेपणी तेच तुरट किंवा आंबट असते, कारण आतले बी तयार नसते. बी मात्र झाडाचे अपत्य असते आणि अनेक फळांत ते विषाने राखलेले असते. ज्वारी, भात, गहू ही वर्षायू पिके दाणा भरला की स्वतःच वाळतात. त्यांची कापणी झाडाला मारत नाही, पण दाणा खाणे म्हणजे पुढची पिढी खाणे होते. पाने खुडली तर झाड पुन्हा फुटते. कंद उपटला की बहुधा रोपच संपते.

हा भेद रानातून गोळा केल्या जाणाऱ्या वनस्पतींबाबत प्रत्यक्ष परिणाम घडवतो. पावसाळ्यात टाकळ्याची आणि कुरडूची कोवळी पाने खुडल्याने त्या भाज्या कमी होत नाहीत. शतावरी किंवा सफेद मुसळीची मुळे बाजाराच्या मागणीपोटी उपटत गेले, तर डोंगरावरची ती जातच संपण्याचा धोका असतो. इथे एका रोपाच्या वेदनेपेक्षा त्या जातीचे आणि तिच्यावर जगणाऱ्या कीटक-पक्ष्यांचे टिकणे अधिक महत्त्वाचे ठरते. वनस्पतींविषयीच्या नीतीचा भर एकेका रोपापेक्षा समूहावर असायला हवा, हे यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष

वनस्पती आपला बचाव करतात, धोका ओळखतात आणि तो अंगभर कळवतात, हे पुरेशा प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. त्यांना वेदना होते याचा पुरावा मात्र नाही. म्हणून वनस्पती खाण्यात अपराध नाही आणि प्राण्याच्या हत्येशी त्याची बरोबरीही नाही. पण अपराध नाही म्हणून जबाबदारीही नाही, असे होत नाही. ज्या जीवाला स्वतःचे हित आहे, त्याचा गरजेपुरता वापर क्षम्य आणि निरर्थक नाश अक्षम्य. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ साली जगभरातील घरे, उपाहारगृहे आणि दुकाने यांतून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यात वनस्पतींबरोबरच त्यांच्यासाठी लागलेली जमीन, पाणी आणि मारलेले कीटकही आले. गरजेपुरते शिजवावे, शिजवलेले टाकू नये, वनस्पती थेट खाऊन मधली हानी टाळता येईल तिथे टाळावी, आणि रानातून घेताना पुढच्या वर्षीचे बी व कंद मातीत राहू द्यावेत. वनस्पती खाण्याची नीती यापेक्षा अवघड नाही, पण ती रोज पाळावी लागते.